पाणी खालून येतं

फुनाफुतीला, म्हणजे तुवालूच्या राजधानीला जाण्याआधी पॅसिफिकमधल्या या बेटांच्या देशाबद्दल जे जे वाचलं होतं, त्यात समुद्र किनाऱ्यावरून आत येत होता. मला तो भेटला जमिनीखालून, एका घरच्या अळूच्या खड्ड्यात. त्या दुपारबद्दलच मला लिहायचं आहे; बाकीचे दिवस भराभर उरकते.

फेब्रुवारी 2024. फिजीतल्या सुवाहून अडीच तासांचं विमान. सगळा देश मिळून 26 चौरस किलोमीटर, माणसं अकरा हजारांच्या आसपास. तुवालू म्हणजे ‘आठ जण एकत्र’. बेटं नऊ आहेत, पण सगळ्यात लहान न्यूलाकितावर कायमची वस्ती उशिरा झाली. राहिले फुनाफुतीच्या फोंगाफाले बेटावर, एका आजींच्या घरी. एटीएम तेव्हा देशात एकही नव्हतं, त्यामुळे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या नोटा मोजून मोजून खर्च केल्या. उकाडा मात्र सहन झाला नाही. संध्याकाळी सगळं गाव धावपट्टीवर येतं: मुलांचा फुटबॉल, बायकांच्या गप्पा, आणि फार उकडलं तर रात्री चटया टाकून तिथेच झोप. विमान यायचं असलं की भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. त्या धावपट्टीइतकी मोकळी हवा मला बेटावर दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

आजी म्हणाल्या, “तू जिथे बसतेस ना, तिथे आमचे पुलाकाचे खड्डे होते.” 1943 मध्ये अमेरिकन सैन्याने ही पट्टी बांधली. हजारो माड तोडले, खड्डे बुजवले, आणि भरावासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोवळं खणून काढलं. ती खणलेली भगदाडं पुढे सत्तर वर्षं तशीच उघडी होती. 2015 मध्ये ती एकदाची भरली.

पुलाका म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. पान माणसाच्या उंचीचं, कंद तयार व्हायला काही वर्षं. मी मालवणची, अळू आमच्याकडे विहिरीच्या पाटाकडेला आपोआप वाढतं, त्याच्यासाठी कुणी घाम गाळत नाही. इथे मातीच नाही. पोवळ्याच्या चुऱ्यात पुरुषभर खोल खड्डा खणायचा, गोडं पाणी लागेपर्यंत. पावसाचं पाणी त्या सच्छिद्र थरातून मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्या पातळ गोड्या थरात रोप लावायचं, भोवती पानांची बिनबुडाची टोपली विणायची आणि तिच्यात पालापाचोळा घालून त्याला वर्षानुवर्षं भरवायचं. कुठला पाला, किती दिवसांनी, हे ज्या त्या घरातच राहतं. मी दोनदा विचारलं. आजी दोन्ही वेळा दुसरंच काही बोलू लागल्या.

त्या दुपारी आम्ही त्यांच्या खड्ड्याशी गेलो. कडेची काही पानं पिवळी पडून वाळली होती. आजी सावकाश खाली उतरल्या, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “खारट.” मग दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या, तिथेही बोट बुडवलं. तिथे काहीच बोलल्या नाहीत. मीही उतरले, चव घेतली. आमच्या खाडीच्या पाण्याइतकं खारं नव्हतं, पण अळू मारायला पुरेसं होतं. पोटात कालवल्यासारखं झालं.

वर भिंत बांधून हे थांबणार नाही, कारण बेटाला पाणी अडवेल असा तळच नाही. प्रवाळबेटं खचत जाणाऱ्या ज्वालामुखीवर वाढत जातात, हा डार्विनचा सिद्धान्त पडताळायला 1896 ते 1898 या वर्षांत इंग्लंडच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने इथेच भोक पाडलं. 1114 फुटांपर्यंत गेले, तरी ज्वालामुखीचा खडक लागला नाही. सगळा प्रवाळाचा चुनखडच. भरती चढली की पाणी त्यातूनच वर येतं. तीन दिवसांनी मोठ्या भरतीला मी ते पाहिलं. आभाळ कोरडं, समोर लगून, म्हणजे बेटांनी वेढलेलं आतलं पाणी, शांत, आणि धावपट्टीशेजारच्या गवतातून पाणी बुडबुडत वर आलेलं.

माझ्या विमानात कॅमेरे घेऊन आलेले काही जण होते. भेटेल त्याला विचारायचे, “किती वर्षं उरली?” मला त्यांचा राग येत होता. आणि दुसऱ्याच दिवशी मीच आजींना विचारलं, “ऑस्ट्रेलियाला जाणार का?” आदल्या नोव्हेंबरात दोन्ही देशांचा फालेपिली करार झाला होता. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. त्यात दरवर्षी 280 तुवालूकरांना तिकडे राहायची वाट ठेवली आहे. आजी म्हणाल्या, “मुलगी जाईल. तिची लेकरं लहान आहेत.” स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत. तो प्रश्न विचारायला नको होता. या बेटांवर 1863 मध्ये पेरूची गुलामांची जहाजं आली आणि फुनाफुती व नुकुलाएलाएवरून चारशेहून जास्त माणसं घेऊन गेली. आजींच्या घरात ते अजून बोललं जातं. बाहेर जाण्याबद्दल अशा घरात इतक्या सहज विचारू नये.

पाहुणचाराबद्दल मात्र शब्द अपुरे पडतील. रोज सकाळी ताजं कालेवे, म्हणजे माडाची पोय कापून थेंबथेंब गोळा केलेली आपली नीराच. उरलेलं आटवून काकवीसारखं करतात. रविवारी चर्चनंतर मानेआपात, म्हणजे गावच्या सभागृहात, फातेले हा नाच झाला: लाकडी खोक्यावर थाप, समोरासमोर दोन बाजू, गाणं वेगाने चढत जातं आणि तोडूनच थांबतं. माझी छाती धडधडत होती.

निघताना आजींनी केळीच्या पानात बांधलेलं फेकेई दिलं. पुलाका किसायचा, पानात गुंडाळून वाफवायचा, वर नारळाचं घट्ट दूध. विमानात पुडी सोडली आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण आली. कंद कुठला, ते मी भोंगा वाजायच्या आधी विचारलं होतं. वाइतुपू या दुसऱ्या बेटावर त्यांचा भाऊ असतो. त्याने बोटीने पाठवला होता.