ट्यूनिंग करून घे म्हणजे नक्की काय करून घे?

आमच्या सोसायटीत कोणाच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की काका मंडळींचा सल्ला ठरलेला, अरे ट्यूनिंग करून घे. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, त्यांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर होता, स्पार्कची वेळ ठरवणारे पॉइंट-कंडेन्सर होते, मेस्त्री कान देऊन स्क्रू फिरवायचा आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं चालणं, नीट बसायचं. पण मुंबईतल्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. आताच्या गाडीत पेट्रोल किती मारायचं, स्पार्क कधी टाकायचा हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघतो, फिरवायला स्क्रूच नाही. बिलात ट्यूनिंग लिहिलं असेल तर विचारा काय केलं, बहुतेक एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ, बस.

खरा घोळ किलोमीटरचा आहे. ऑइल १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हे सगळ्यांना पाठ. पण बोरिवलीहून बीकेसीला रोज रखडत जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी १५ धरा, १० हजार किमीला इंजिन साडेसहाशे तासांच्या वर चालतं, आणि तेच नाशिक हायवेला ६० ने धरलं तर १६७ तासांत आटपतं, मीटर मात्र दोन्हीकडे सारखंच दाखवतो. मॅन्युअलमध्ये सिव्हिअर कंडिशन म्हणून एक भाग असतो, कोणी वाचत नाही, त्यात सतत थांबत-थांबत चालणं येतं आणि तिथे मुदत कमी दिलेली असते. मी साडेसात हजारलाच ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलतो. आणि हो, मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड झिरो डब्ल्यू ट्वेंटी (0W-20, पातळ ऑइल) लिहिलाय तर तेच घाला, "जाडं ऑइल टाकतो साहेब, इंजिन स्मूथ होईल" याला हो म्हणू नका.

सीएनजीवाल्यांनी प्लगकडे जास्त लक्ष द्यावं. गॅसवर स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग थकला की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळणं, आधी गॅसवरच कळतं. पेट्रोलवर टाकून बघा, तिथे नीट चालली तर बाकी खर्चात पडायच्या आधी प्लग काढून बघायला सांगा. साधे प्लग ३०-४० हजार किमी जातात, इरिडियम लाखाच्या आसपास.

ब्रेक ऑइल लोक विसरतातच. ते हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि आपल्याकडे दमटपणाला काय तोटा, दोन वर्षांनी बदलाच. वायपरचे रबर मे महिन्यातच, जूनमध्ये दुकानात गर्दी असते. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर अधूनमधून बॉनेट उघडून वायरी बघा.

आणि पावसात तुंबणाऱ्या मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडायची वेळ येते. टो करून आणा, गॅरेजवाल्याला आधी एअर फिल्टर ओला आहे का ते बघायला सांगा.