एका जोडीला 50 ड्रायव्हर : घरी वक्र लाइन अ‍ॅरे बांधतानाचा माझा अनुभव

घरी वक्र लाइन अ‍ॅरे (लहान लाउडस्पीकरांची कमानीत वाकवलेली उभी रांग) बांधायचं मनात असेल तर सुतारकामाची धास्ती घेऊ नका, ते जमतं. धास्ती घ्यायचीच तर ड्रायव्हर, म्हणजे पेटीशिवायचे सुटे लाउडस्पीकर, परदेशातून मागवण्याची घ्या. माझी स्पीकरची जोडी आता दिवाणखान्यात उभी आहे आणि फार सुंदर वाजते. तरी ते कुरियरचं प्रकरण आठवलं की अजून डोकं तापतं.

माझ्या रचनेत एका स्पीकरला अडीच इंची 24 फुल-रेंज (बहुतेक सगळे स्वर एकटेच वाजवणारे) ड्रायव्हर आहेत. रांग फरशीपासून सरळ वर निघते आणि 36 अंशांच्या कमानीत मागे झुकत जाते. उंची साधारण दीड मीटर, वरचं टोक अर्धा मीटर मागे. ही कल्पना अमेरिकी नौदलाच्या पाण्याखालच्या ध्वनिसंशोधनातून आली. तिचा शोधनिबंध 1978 सालचा. लाउडस्पीकर तंत्रज्ञ डॉन कील यांनी 2000 साली ती लाउडस्पीकरसाठी मांडली. सरळ रांगेत स्वर जितका उंच तितका आवाजाचा झोत अरुंद होतो, म्हणून बसून ऐकलेलं गाणं उभं राहिल्यावर वेगळं लागतं. कमान दिली, आणि वर जाताना ड्रायव्हरचा आवाज पायरीपायरीने उतरवला, की झोत बऱ्याच मोठ्या पट्ट्यात सारखा राहतो. फरशी आरशासारखी वागते, त्यामुळे कमानीचा खालचा अर्धा भाग बांधावाच लागत नाही.

म्हणजे दोन स्पीकरना 48 ड्रायव्हर आणि 2 जादा, असे 50. इथेच सगळं अडलं.

कुरियर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाने पार्सल रोखलं आणि कळवलं की एकसारखे 50 नग म्हणजे व्यापारी माल, तेव्हा आयातदाराचा आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्यांना मिळणारा सरकारी नोंदणी क्रमांक) द्या. मी नोकरदार माणूस, माझ्याकडे आयईसी कुठून असणार? वैयक्तिक वापराच्या आयातीला तो लागत नाही, हे मी नियमासकट लिहून पाठवलं. उत्तरात पुन्हा तीच मागणी, त्याच शब्दांत. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. मग त्यांना पैसे भरल्याचा पुरावा हवा झाला. तो दिला, तर आधार आणि पॅन पुन्हा मागितले, जे मी सुरुवातीलाच अपलोड केले होते. दरम्यान गोदामाचं भाडं चढत होतं, आणि ते माझ्याच माथी. मला सर्वात जास्त राग याचा येतो की तिथल्या एकानेही, ‘इतके स्पीकर कशाला हवेत?’ हा साधा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी आनंदाने सांगितलं असतं.

शेवटी न विचारताच सांगितलं. एका पानाचं पत्र लिहिलं, त्याला कमानीचं मापासकट रेखाचित्र जोडलं, 24 गोल काढून त्यांना क्रमांक दिले आणि खाली ठळक लिहिलं : ‘50 नग = घरगुती वापराची एक जोडी, 2 राखीव.’ ते पान पुढे गेलं आणि पार्सल सुटलं. त्या रेखाचित्राचा मला आजही अभिमान आहे.

म्हणून ऑर्डर देतानाच विक्रेत्याला सांगा की बिलावर नुसतं ‘ऑडिओ पार्ट्‌स’ लिहू नका. ‘कॅबिनेटशिवाय सुटे लाउडस्पीकर ड्रायव्हर, वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट हवं. आयात-शुल्काच्या यादीत व्यापारी मालातले सुटे ड्रायव्हर 8518 29 या कोडखाली येतात आणि टपालाने किंवा विमानाने आलेल्या वैयक्तिक वस्तू 9804 खाली. ड्यूटी त्यावरून बदलते, तेव्हा पैसे भरण्याआधी कोणता कोड लावलाय ते बघा. रेखाचित्र पार्सल निघायच्या आधीच तयार ठेवा.

बाकीचं काम मजेचं आहे. कमान आखायला दोरी घेऊ नका, ती ताणते. अडीच मीटरची लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, दुसऱ्याला पेन्सिल, आणि गच्चीवर प्लाय पसरून आखा. बाजूच्या फळ्या 18 मिमीच्या. पुढच्या फळीला 6 मिमी प्लायचे दोन थर फेव्हिकॉलने एकमेकांवर चिकटवले. एवढ्या सौम्य वळणाला तो निमूट वाकतो. खालचे 8 ड्रायव्हर पूर्ण आवाजात, पुढचे 6 तीन डेसिबलने कमी, मग 3 सहाने, 2 नवाने, वरचे 5 बाराने. त्यासाठी लागणारे वायरवाउंड रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळाले. अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावाच. सगळे गट जोडून एकूण रोध 4 ओहमच्या खाली जात असेल तर जोडणी बदला.

सबवूफरशिवाय मात्र भागणार नाही, अडीच इंचातून तबल्याचा बायाँ भरून येत नाही. आणि 5 किलोहर्ट्‌झच्या आसपास तरंगलांबी दोन ड्रायव्हरमधल्या अंतराएवढी होते, त्यापुढे झोत थोडा विस्कटतो. तिथे अचूकपणा हवा असेल तर आणखी लहान ड्रायव्हर निवडा. नग वाढतील, मग पत्रातही तो आकडा नीट समजावून लिहा.

हो, आणि ते 2 जादा ड्रायव्हर वगळू नका. माझ्या खोक्यातला एक खरखरत होता, आणि त्या एका नगासाठी पुन्हा त्या फोनवर जायची माझी तयारी नव्हती.