ग्रेन पुसू नका रे

‘अकिरा’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट १९८८ चा आहे हे ज्याला माहीत नाही त्याला त्याची फोर-के डिस्क (ब्लू-रेच्या पुढची, जास्त बारकावे दाखवणारी) लावून द्यायची आणि गप्प त्याचा चेहरा बघायचा, रविवारी घरी कोणी आलं की माझा हाच उद्योग. त्या बाईकच्या लाल दिव्यांच्या रेघा! जवळजवळ सगळं हातानं रंगवलेलं, सेलवरून (म्हणजे पारदर्शक शीटवरून) फिल्मवर शूट केलेलं, त्यामुळे ग्रेन, म्हणजे फिल्मचे ते बारीक दाणे, असणारच, तो काय बिघाड नाहीये. पण काही जण सॉफ्टवेअर लावून तो असा घासून काढतात की ग्रेनबरोबर पेन्सिलची बारीक रेघ पण गायब, माणसं मेणाची दिसायला लागतात. डोकंच फिरतं.

बाकी रीजनची कटकट आहेच, म्हणजे बऱ्याच डिस्कना ठरावीक देशांपुरतं कुलूप असतं. ब्लू-रेला आपण सी मध्ये आणि जपान-अमेरिका ए मध्ये, म्हणजे तिकडून मागवलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. फोर-के डिस्कला ही भानगड नाही म्हणून मी आता तेच घेतो, महाग पडतं पण असो. बुधवार पेठेत प्लेअर विचारला तर दुकानदार म्हणाला, ‘अजून कोण बघतं हो हे?’ मी बघतो ना!

आणि ‘द थिंग’ नि ‘ब्लेड रनर’ हे दोन सायन्स-फिक्शन पिक्चर अमेरिकेत एकाच दिवशी लागले होते, २५ जून १९८२, तेव्हा दोन्ही फारसे चालले नाहीत, काय लोक होते राव! ‘ब्लेड रनर’च्या २००७ च्या डिस्क सेटमध्ये पाच व्हर्जन्स होती. बायको म्हणते एकच पिक्चर पाचदा? हो. पण तुम्ही नवीन असाल तर थेट फायनल कट (दिग्दर्शकाचं शेवटचं व्हर्जन) लावा, त्यात तो कंटाळवाणा व्हॉइसओव्हर नाही.