चिंचोके कोणाच्या हातात?

कृषी सहाय्यकांना सहभागी ग्रामीण मूल्यांकनाचे, म्हणजेच गावाची माहिती गावकऱ्यांनीच नकाशे आणि तक्ते मांडून पुढे आणायच्या, आपण सर्रास ज्याला पीआरए म्हणतो त्या पद्धतीचे, प्रशिक्षण देताना मला पहिल्याच सत्रात एक अडचण येते. मंडळी हुशार असतात, पीक, कीड, खते यांची माहिती त्यांना तोंडपाठ असते आणि म्हणूनच शेतकऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी उत्तर त्यांच्या ओठांवर आलेले असते. दोष त्यांचा नाही. १९७०च्या दशकात आपल्याकडे आलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीपासून विस्तारकार्याची, म्हणजे शेतीची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामाची, घडीच अशी बसली, की संशोधन केंद्राने शिफारस करायची, कर्मचाऱ्याने ती गावात पोचवायची आणि शेतकऱ्याने ती स्वीकारायची. हा प्रवाह उलटा वळवण्याचा प्रयत्न १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतात जोमाने झाला; गुजरातमध्ये आगा खान ग्रामीण सहाय्य कार्यक्रमाने आणि कर्नाटकात मायराडा या स्वयंसेवी संस्थेने केलेल्या कामातून या पद्धती आकाराला आल्या, आणि ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी त्या जगभर पोचवल्या.

गावनकाशा, शिवारफेरी, हंगामी दिनदर्शिका ही तंत्रे शिकवायला दोन दिवस पुरतात. गप्प बसणे शिकवायला मात्र फार वेळ लागतो.

मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका गावातला प्रसंग सांगतो. रब्बी ज्वारीच्या वाणांची तुलना करायची होती. आमच्या प्रशिक्षणार्थीने देवळासमोरच्या फरशीवर खडूने चौकटी आखल्या, वर वाणांची नावे लिहिली आणि डाव्या बाजूला निकष म्हणून स्वतःच ‘उत्पादन’ असे लिहिले. मी त्याला खडू खाली ठेवायला सांगितले आणि गुण म्हणून चौकटीत मांडायच्या चिंचोक्यांची पिशवी समोर बसलेल्या बायकांकडे दिली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मावशी म्हणाल्या, “आधी कडबा लिवा.” त्यानंतर निकष आपोआप येत गेले: भाकरी थापताना चिरते का, दुसऱ्या दिवशी मऊ राहते का, ताट उपटायला किती जड जाते, पाखरे किती खातात. उत्पादन सहाव्या ओळीत आले. चिंचोके मांडून झाले तेव्हा मालदांडी या जुन्या वाणाच्या रकान्यात कडबा आणि भाकरी यांच्यापुढे मोठे ढीग होते, आणि शिफारस केलेल्या सुधारित वाणापुढे फक्त उत्पादनाच्या ओळीत. जनावरे दावणीला असलेल्या घरात दुष्काळी वर्षी कडब्याची गंजी हीच खरी पुंजी असते, हे त्या फरशीवर इतके स्पष्ट दिसत होते की कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. “शेतकरी नवे वाण घेत नाहीत” असे मी स्वतः अहवालात अनेकदा लिहिले आहे. त्या दिवसानंतर ते वाक्य मी लिहिलेले नाही.

हंगामी दिनदर्शिकेतही हेच घडते. आपण जून, जुलै असे रकाने आखतो, तर लोक मृग, आर्द्रा, उत्तरा, हस्त अशी नक्षत्रे सांगतात, कारण पाऊस आणि पेरणी यांची आठवण त्यांनी नक्षत्रांवरच बांधलेली असते. रकाने लोकांच्या मोजणीने आखले, की मजुरी कधी मिळत नाही, उसनवारी कधी होते, चारा कधी संपतो, हे सगळे न विचारता पुढे येते.

एका ठिकाणी मी दिलेले हेच प्रशिक्षण पूर्ण वाया गेलेले पाहिले आहे. नकाशा झाला, छायाचित्र निघाले, कागद गुंडाळून कार्यालयात गेला आणि गावाकडे त्याची प्रतही राहिली नाही. म्हणून आता मूळ नकाशा गावातच ठेवायचा आणि आपण त्याची नक्कल न्यायची, हा नियम मी पहिल्या दिवशीच सांगतो.

दुसरा नियम बैठकीच्या जागेचा आहे. देवळासमोर सगळे गाव येत नाही. म्हणून प्रशिक्षणार्थींची एक तुकडी मी शिवारापलीकडच्या वस्तीवर, बायामाणसे मजुरीवरून परतून स्वयंपाक उरकल्यावर, रात्री नऊ वाजता पाठवतो. मागच्या खेपेला तिथल्या लोकांनी बॅटरीच्या उजेडात रांगोळीने काढलेल्या नकाशात ओढ्यावरची एक विहीर होती, आणि दुपारी देवळासमोर काढलेल्या नकाशात ती नव्हती.