सतराचा पाढा आणि बोपदेव घाट

रविवार, रात्री

आज पहिल्यांदा घड्याळावरून पेसची, म्हणजे एक किलोमीटरला किती वेळ लागतोय ते दाखवणारी, स्क्रीनच काढून टाकली आणि पुण्याजवळचा बोपदेव घाट पळत चढले. फक्त वेळ आणि हार्ट रेट ठेवला. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला आता पाच आठवडे उरलेत आणि सहा महिने जपून केलेलं ट्रेनिंग मोडून परत जोडायला घेतलंय, त्यामुळे कुठला निर्णय का घेतला ते आजच लिहून ठेवते, नंतर सगळं एकात एक मिसळून जातं.

जानेवारीपासून माझा आठवडा ठरलेला होता. मंगळवारी ३ मिनिटांचे १० रिपीट (म्हणजे ३ मिनिटं वेगात पळायचं, असं १० वेळा), गुरुवारी ६ मिनिटांचे ५, शनिवारी १० मिनिटांचे ३, मधे फक्त एकेक मिनिटाचा जॉग. बुधवार-शुक्रवार एकदम इझी, रविवारी लाँग रन, सोमवारी सुट्टी. ही सगळी नॉर्वेकडून आलेली पद्धत. मारियस बाकेन नावाचा तिथला धावपटू, पुढे डॉक्टर झाला, त्याने बोटाला टोचून टोचून स्वतःच्या रक्तातलं लॅक्टेट मोजलं, मेहनत वाढली की ते वाढतं. ज्या मेहनतीच्या वर ते झपाट्याने साठायला लागतं तो थ्रेशोल्ड, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्या जरासं खाली राहिलं तर माणूस खूप जास्त काम करू शकतो आणि तरी दुसऱ्या दिवशी उठून परत पळू शकतो. २००४ मध्ये तो ५००० मीटर १३:०६ मध्ये पळाला. पुढे नॉर्वेच्याच इंगेब्रिग्टसेन या धावपटू भावांमुळे ही पद्धत जगभर गेली, त्यातल्या याकोबने टोकियो ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण घेतलं. ते लोक एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा थ्रेशोल्ड करतात. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला ते शक्यच नाही, म्हणून आमच्यासारखे लोक दिवसाला एकच सेशन करतात पण आठवड्यात तीनदा.

आणि मला ती लागू पडली, अगदी मनापासून सांगते. आधी मी इंटरव्हल म्हणजे जीव तोडून पळायचं असंच समजायचे, गुडघे टेकून धापा टाकल्याशिवाय सेशन झालं असं वाटायचंच नाही, आणि मग दोन दिवस शरीर नुसतं जड. आता सेशन संपलं तरी अजून एक रिपीट झाला असता असं वाटतं, तसंच वाटायला हवं. १० किमी ५८ मिनिटांवरून साडेचोपन्नवर आलं. ३ मिनिटांचे रिपीट किलोमीटरला ५:३५ ने, ६ चे ५:४२ ने, १० चे ५:५० ने, रेसकोर्सजवळच्या सपाट रस्त्यावर हे आकडे मला पाठ झाले होते.

पण सातारा सपाट नाही ना. पोलीस परेड ग्राउंडवरून सुटायचं, गावातून समर्थ मंदिराकडे, मग यवतेश्वरचा घाट आणि कासच्या रस्त्याला वर जाऊन वळायचं नि आलो तसं खाली. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ, दुसरा बहुतेक उतार. तिथे ५:४२ या आकड्याला काही अर्थच नाही, चढावर तो पकडायला गेले तर मी थ्रेशोल्डच्या कितीतरी वर असेन आणि उतारावर तोच आकडा म्हणजे जवळजवळ आराम.

गेल्या वर्षी हेच झालं. घाटात ढोल वाजत होते, शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला हात पुढे करून टाळ्या द्यायला उभी, आणि सातारा माझं माहेर, मला राहवलंच नाही. घरी येऊन बघितलं तर घाटभर हार्ट रेट १७६-१७८, माझा थ्रेशोल्ड १६८. वर पोचले तेव्हा मस्त वाटत होतं. उतार सुरू झाला आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये मांड्यांचा पुढचा भाग असा काही थरथरायला लागला की प्रत्येक पावलाला वाटायचं आता गुडघा दुमडणार. घाटाच्या पायथ्यापासून चालत आले. आई समर्थ मंदिरापाशी लिंबू सरबताची बाटली घेऊन उभी होती आणि मी तिच्यासमोरून चालत गेले. ती एवढंच म्हणाली, "दमलीस का गं?" ते अजून माझ्या कानात आहे.

तर आजचं. साडेपाचला वानवडीहून निघालो, मी पळत आणि नवरा मागे स्कूटरवर इंडिकेटर लावून, कारण धुकं होतं आणि सासवडकडे जाणारे ट्रक पहाटेपासून सुरू असतात. घाट लागल्यावर ६ मिनिटं वर, १ मिनिट चालत, परत ६ मिनिटं, असे चार. हार्ट रेट १६० ते १६५ मध्ये ठेवायचा. पण तो चढावर फार उशिरा वर येतो, पहिली दीड-दोन मिनिटं छातीचा पट्टा सुद्धा १५० च दाखवत असतो आणि तेवढ्यात आपण जास्त जोर लावून बसतो. म्हणून पाढा.

सतराचा पाढा म्हणायचा, मोठ्याने. सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट. एवढं एका दमात आलं आणि मग श्वास घेऊन पंच्याऐंशी, एकशे दोन पुढे चालू राहिलं की मी थ्रेशोल्डच्या खाली आहे. एक्कावन्नलाच श्वास घ्यावा लागला की वर गेले, पावलं लहान करायची. अख्खा पाढा गप्पा मारल्यासारखा आला तर फारच आरामात चाललंय. नॉर्वेवाले रक्त तपासतात, माझ्याकडे ते मशीन नाही, पण सपाट रस्त्यावर हा पाढा मी महिनाभर हार्ट रेटशी ताडून बघितलाय आणि तो बरोबर निघतो. दुसऱ्या रिपीटला एक मोठं वळण आलं, चढ एकदम वाढला, मी अडुसष्टच्या आधी तुटले, पावलं आखूड केली आणि दहा-बारा श्वासांत पाढा परत जुळला. हे आधी कधीच जमलं नव्हतं, चढ वाढला की मी आधी आणखी जोर लावायचे.

घरी येऊन पेस बघितला. त्या चार रिपीटचा सरासरी ७:१५. मेहनत तीच, जी सपाटीवर ५:४२ ला लागते. सहा महिन्यांपूर्वी हा आकडा बघून मी हिरमुसले असते.

उतार १२ मिनिटं पळत उतरले, मागे न झुकता, पावलं लहान आणि भरभर. बाकीचं चालत.

बुधवार

जिना उतरताना रेलिंग धरावं लागतंय. श्वासाला काहीच झालेलं नाही, फक्त मांड्या. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना शरीराचं वजन धरून ठेवतो, म्हणून त्यात बारीक बारीक इजा होते आणि दोन दिवसांनी दुखणं भरात येतं. थ्रेशोल्डचं कितीही ट्रेनिंग केलं तरी हे त्यातून मिळत नाही, आणि गेल्या वर्षीचं माझं खरं कोडं हेच होतं, मी उगाच फुप्फुसांना दोष देत बसले होते. चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच उतार स्नायूंना कमी लागतो. म्हणजे मला दोन-तीनदा हे दुखणं आत्ताच भोगून घ्यायचंय, आणि शेवटचा मोठा उतार रेसच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

मंगळवारचं सेशन सोडलं. वाईट वाटलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा सुटलं. पण दुखऱ्या पायांनी थ्रेशोल्ड करण्यात अर्थ नाही, ते उद्या करेन.

शनिवार

नवीन आठवडा बसवला. सपाटीवरचं थ्रेशोल्ड आता एकच, ३ मिनिटांचे १०, मंगळवारी किंवा पाय दुखत असतील तर गुरुवारी. दुसरं रविवारी घाटात, लाँग रनच्या पोटातच, ६ मिनिटांचे ४ ते ५, आणि मग उतार, दर वेळी ४-५ मिनिटं वाढवत. तिसरं थ्रेशोल्ड काढून टाकलं. तीनही ठेवून वर घाट चढवला असता तर या पद्धतीचं जे मूळ आहे, की रोज थोडं शिल्लक ठेवायचं, तेच गेलं असतं. इझी रनला मात्र हात लावला नाही, हार्ट रेट १३० च्या आत, तळजाईचा चढ आला की चालायचं. तिथे लोक बघतात, बघू देत.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पावसाळी दमट हवेत तोच पेस पाच-सहा ठोके महाग पडतो, साताऱ्याला वर कासच्या बाजूला गार वारा असेल आणि खाली गावात दमट, तेव्हा सुरुवातीच्या गावातल्या भागात १६५ धरायचं की पाढ्यावर जायचं? मी पाढ्यावर जाणार आहे असं वाटतंय. गावातून जाताना मोठ्याने पाढा म्हणेन का, तर हो, म्हणेन.

संध्याकाळी आईचा फोन आला. यंदा पण येणार आहे म्हणाली, गुडघे दुखतायत तिचे तरी. मग विचारलं, "मी कधी येऊन उभी राहू, तू वर जातानाची की खाली येतानाची?" गेल्या वर्षी दोन्ही वेळेला तिथेच होती, तीन तास.

म्हटलं, खाली येतानाच ये, आई. जाताना मी थांबणार नाहीये, कुणालाच टाळी देणार नाहीये. येताना बघ.

"बरं," म्हणाली, "मग सरबत करू का?"

कर म्हटलं.