अनुभव पंचवीस वर्षांचा, दाखला कोण देणार?

जून २०२४ मध्ये तालुक्याच्या गावातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची जाहिरात पेपरात आली होती. सुतार व्यवसायासाठी शिल्प निदेशक, म्हणजे काम शिकवणारा शिक्षक पाहिजे, तासिका तत्त्वावर. पात्रता अशी, की पदवी किंवा डिप्लोमा असावा, नाहीतर त्याच व्यवसायाचं आयटीआयचं प्रमाणपत्र आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव. मी १९९९ साली सुतार ट्रेडमधून आयटीआय पास झालो. त्यानंतर सात वर्षं पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत अण्णा मिस्त्रींकडे होतो. २००६ पासून गावाकडे माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. पलंग, कपाटं, दिवाण, देवघरं, दारं-चौकटी, सगळं केलंय. तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि आपल्याकडे पंचवीस वर्षांचा आहे, म्हणून मी त्याच आठवड्यात अर्ज टाकला.

शिकवायचं माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना ड्रिल, कटर, नेलगन सगळं चालवता येतं, पण रंध्याचं पातं बाहेर काढून धार लावता येत नाही. प्लाय आणि सनमायका यांच्या पलीकडे लाकूड म्हणून काही असतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. सुतार ट्रेडला आठवी पास मुलगा बसतो, वर्षभराचा कोर्स आहे आणि एका तुकडीत चोवीस मुलं असतात. वर्षाला चोवीस पोरांचे हात तयार होणार असतील, तर त्यासाठी मी वर्कशॉप अर्धा दिवस बंद ठेवायला तयार होतो.

अर्ज भरणं, कागद जोडणं यात काही अडलं नाही. छाननीत मात्र माझ्या नावापुढे ‘त्रुटी: अनुभव दाखला नाही’ असा शेरा पडला. त्या चार शब्दांनी माझे साडेतीन महिने खाल्ले. आमच्या गावाहून एसटीने जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात, अशा नऊ फेऱ्या झाल्या.

पहिल्या फेरीत टेबलावरच्या मॅडमनी सांगितलं, जिथं काम केलं तिथल्या मालकाचा दाखला आणा. लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, कधीपासून कधीपर्यंत ते लिहून. मी म्हणालो, अण्णा २०११ मध्येच वारले आणि दुकान बंद झालं. मॅडम म्हणाल्या, “मग त्यांच्या वारसांकडून आणा.”

मी पुण्याला गेलो. जिथं आमचं दुकान होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. अण्णांचा मुलगा धायरीला राहतो. त्याने घरात शोधाशोध केली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून अण्णांच्या हजेरीच्या वह्या काढून दिल्या. लाल कापडी पाठीच्या, लांबड्या वह्या. त्यात माझं नाव होतं, समोर तारखांचे रकाने, हजर दिवसाला उभी रेघ आणि खाड्याला फुली. कडेला अण्णांच्या बारीक अक्षरात ‘उचल ३००’, ‘उचल ५००, आईचं औषध’. ऑक्टोबर २००१ च्या पानावर डिंकाचा तपकिरी डाग होता, अजून बोटाला खरखरीत लागत होता. दाखल्यासाठी याहून खरा कागद कुणाकडे असणार? माझी सात वर्षं दिवसागणिक लिहिलेली होती.

मी त्या वह्या पिशवीत घालून घेऊन गेलो. मॅडमनी पहिलं पान उघडलं आणि वही परत सरकवली. “यावर दुकानाचा शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही. ही वही कुणाची, हे कसं समजायचं?” अण्णांच्या मुलाने सही करून दिलेलं पत्रही होतं. पण त्याच्या नावावर दुकान नव्हतं, म्हणून तेही चाललं नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी वह्या मांडीवर धरून बसलो होतो आणि मला खरोखर राग आला होता. अजूनही येतो.

मग मी म्हणालो, ठीक आहे, अण्णांकडची सात वर्षं सोडा. माझ्या वर्कशॉपची अठरा वर्षं धरा. त्यावर उत्तर असं, की तुम्हीच मालक, मग दाखल्यावर सही कोण करणार? स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. नियम म्हणून ते मला कळतं. पण सुताराच्या धंद्यात बहुतेक माणसं एक तर मेलेल्या मालकाकडे काम केलेली असतात, नाहीतर स्वतः मालक असतात. मग दाखला आणायचा कुठून?

इथे एक गोष्ट सांगतो, जी मला अर्ज करण्याआधी कुणीतरी सांगायला हवी होती. मोजकीच माणसं असलेल्या दुकानाला किंवा वर्कशॉपला दुकानांच्या २०१७ च्या नव्या कायद्यानंतर गुमास्ता परवाना काढावा लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पोच मिळते. मी ती २०१९ मध्ये बँकेच्या कर्जासाठी दिली होती. त्याआधीची तेरा वर्षं माझ्याकडे काहीच कागद नव्हता. ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी ही सूचना आजच देऊन ठेवा, त्या पोचेवरची तारीख पुढे कामाला येते.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. तो माझ्याकडे होता, २०२१ चा. मी आनंदाने दाखवला. मॅडमनी तो वाचला (इतक्या नीट वाचणारी माणसं मी कमी पाहिलीत, हेही मान्य करतो) आणि विचारलं, “यात तर तुमचा व्यवसाय फर्निचरची किरकोळ विक्री असा दिसतोय. तुम्ही बनवता की विकता?” मी बघितलं तर खरंच तसं होतं. सायबर कॅफेवाल्याने आठशे रुपये घेऊन फॉर्म भरला होता आणि यादीत जे पहिलं दिसलं ते निवडलं होतं. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयासुद्धा घेत नाही, दुरुस्तीलाही घेत नाही. लाकडी फर्निचर बनवणाऱ्याचा कोड ३१००१ आहे. हा आकडा लिहून ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी बसून तोच टाकायला लावा. माझी दुरुस्ती पुतण्याने घरी बसून आधारच्या ओटीपीवर करून दिली.

दुरुस्त प्रमाणपत्र घेऊन गेलो तर आता म्हणे, आज दुरुस्त केलेल्या कागदावरून तीन वर्षं मागचा अनुभव कसा धरायचा? आयकर रिटर्न दाखवली, पण ती दोनच वर्षांची होती. मग कुणीतरी बाहेर सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा. मी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलं. त्यावर ऐकायला मिळालं, की प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचं तुम्हीच सांगितलेलं. आणि नंतर कळलं ते आणखी लागलं: महाराष्ट्रात शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प विकणारा ते सांगत नाही.

या सगळ्यात ऑगस्ट आला. तुकडी सुरू झाली होती. मी एकदा कार्यालयाबाहेर थांबलो होतो तेव्हा सुतारकामाच्या शेडकडे गेलो. मुलं बाकांवर बसून मोबाइल बघत होती. एक जण पटाशीने बाकाची कड उगाच टवकत होता. शेजारच्या फिटर ट्रेडचे सर मधूनमधून येऊन हजेरी घ्यायचे. चोवीस मुलांना शिकवायला माणूस बाहेर उभा आहे, त्याच्या हातात काम आहे, आणि एका कागदासाठी तो आत जाऊ शकत नाही. मला त्या मुलांचं जास्त वाईट वाटलं, कारण त्यांचं वर्ष एकच असतं.

शेवटी मार्ग निघाला तो माझ्या बायकोमुळे. ती म्हणाली, “अहो, शाळेची बाकं केली होती ना, त्याचा काहीतरी कागद असेल की.” जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेला मी फेब्रुवारी २०२० मध्ये तीस बाकं करून दिली होती आणि २०२३ च्या जूनमध्ये त्यातल्या काहींची दुरुस्ती केली होती. दोन्ही वेळचे कार्यादेश फाइलला होते. त्यावर शाळेचा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि जावक क्रमांक. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत पत्र लिहून दिलं, की ही बाकं यांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये स्वतः तयार केली आहेत आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शाळेची लाकडी कामं यांच्याकडेच आहेत. त्या पत्रालाही जावक क्रमांक टाकला.

मॅडमनी ते पत्र वाचलं, क्रमांकावर बोट ठेवलं, आणि काही न बोलता अर्जाला स्टेपल केलं. एवढंच. तीन महिने जे सागवानी कपाटं, हजेरीच्या वह्या आणि माझ्या हातावरचे घट्टे सांगू शकले नव्हते, ते एका जावक क्रमांकाने सांगितलं. बाहेर येऊन मी चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते.

म्हणून सांगतो, शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, देवस्थान, कुणाचंही काम केलं तरी तोंडी बोलीवर करू नका. कार्यादेश घ्या आणि त्यावर क्रमांक आहे का बघा. पैसे कमी मिळाले तरी चालतील, कागद सोडू नका. आणि तुम्ही कार्यालयात जो कागद देता त्याची पोच घ्या. माझं पहिलं पत्र ‘मिळालंच नाही’ असं एकदा ऐकावं लागलं होतं.

प्रात्यक्षिक परीक्षा सोपी गेली. समितीसमोर डव्हटेल जोड, म्हणजे दोन फळ्यांची टोकं एकमेकांत अडकवणारा जोड, करून दाखवायचा होता, दोन तास दिले होते. तासाभरात झाला. जोड हाताने दाबून बसला, हातोडी लागली नाही. एका सरांनी तो उचलून उजेडाकडे धरला आणि फट शोधली. सापडली नाही.

ऑक्टोबरमध्ये मी शिकवायला लागलो आणि तिथे मला माझीच एक अडचण कळली. पहिल्या दिवशी मी सगळ्या पटाश्या गोळा केल्या. चोवीसपैकी एकीलाही धार नव्हती. मी दगड घेतला, पाण्याचे थेंब टाकले, एक पटाशी लावून दाखवली आणि म्हणालो, “आता तुम्ही करा.” एका मुलाने विचारलं, “सर, पण थांबायचं कधी?” मला उत्तर देता येईना. माझा हात पंचवीस वर्षं थांबत आलाय, पण का थांबतो ते मी कधी शब्दांत बोललोच नव्हतो. मी परत लावायला बसलो आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिलो. मग सापडलं. उतार पुरता घासला गेला की पातीच्या सपाट बाजूला पोलादाची केसासारखी बारीक कड वळते. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने हळूच बाहेर सरकवला की ती लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागली की थांबायचं आणि पाठ सपाट ठेवून दोन-तीन वेळा घासून ती काढून टाकायची. त्या मुलाचा अंगठा मी धरून फिरवला. “लागलं सर,” तो म्हणाला. त्यानंतर दुपारभर शेडमध्ये दगडाचा आवाज होता. उताराला पंचवीस अंश आणि धारेच्या टोकाला तीस, हे मी फळ्यावर नंतर लिहिलं, आधी नाही.

ज्यांना शिकवायला यायचंय त्यांनी घरी याची तयारी करा. जे काम डोळे मिटून येतं ते कुणालातरी बोलून समजावून बघा. मला फिटरच्या सरांनी पाठ टाचण कसं लिहायचं ते शिकवलं. आधी तयारी, मग करून दाखवणं, मग मुलांकडून करून घेणं, मग तपासणं. मला सुरुवातीला ती कागदी कटकट वाटली. पण लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि लांबीत जवळपास बदलत नाही, हे नुसतं सांगून मुलांना पटलं नव्हतं. त्या टाचणाप्रमाणे आंब्याच्या फळीचा एक आडवा तुकडा मोजून पाण्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी परत मोजायला लावला, तेव्हा पटलं. पावसाळ्यात दार का अडकतं, हे त्या दिवसानंतर एकाही मुलाला विचारावं लागलं नाही.

सीआयटीएसबद्दल बरेच जण विचारतात. निदेशकांसाठीचा हा एक वर्षाचा प्रशिक्षण कोर्स आहे. तासिका तत्त्वावर मला त्याशिवाय घेतलं, पण कायम पदासाठी तो लागतोच. वय हातात असेल तर आधी तो करा. मी आता त्याच्या मागे लागलोय.

आणखी एक राहिलं. माझं १९९९ चं मूळ प्रमाणपत्र मी तेव्हाच हौसेने लॅमिनेट करून ठेवलं होतं. त्यावरचा उठावाचा शिक्का प्लॅस्टिकखाली दिसेनासा झाला आणि पडताळणीला दोन दिवस जादा गेले.

गेल्या महिन्यात मी वर्कशॉपचं लेटरहेड छापून घेतलं. माझ्याकडे कामाला असलेल्या दोन्ही पोरांना त्यावर दाखला दिला: कधीपासून काम करतो, कोणकोणती कामं येतात, उद्यम क्रमांक, खाली सही आणि शिक्का. वर जावक क्रमांक १ आणि २. धाकट्याने तो लगेच घडी करून खिशात घालायला घेतला. मी त्याच्या हातातून काढला, फाइलमध्ये सरळ ठेवला आणि सांगितलं, घरी नेऊन असाच ठेव, लॅमिनेट करू नकोस.