आमची वाटचाल: एका घराण्यातली इंजिनं आणि त्यांचे स्टिअरिंग पंप

आमची फर्म सुरू झाली ती फक्त पंप रिपेअरवर. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतोय किंवा आवाज करतोय, तर तो खोलायचा, शाफ्टचं सील आणि ओ-रिंगा बदलायच्या, बेअरिंग बघायचं, रोटर, व्हेन (रोटरमधली सरकणारी पाती) आणि कॅम रिंग (ती पाती जिच्या आत फिरतात ती कडी) यांवर ओरखडे आहेत का ते तपासायचं आणि परत द्यायचा. काम बरं चालायचं. पण हळूहळू असे पंप यायला लागले की ज्यांची कॅम रिंगच खाल्लेली, नवा पंप मिळणं बंद झालेलं, मग गिऱ्हाईक म्हणायचं याच इंजिनचं मोठं भावंड अमुक गाडीत येतं, तिचा पंप भंगारातून काढून आणलाय, तेवढा बसवून द्या. आमचा खरा धंदा इथून सुरू झाला असं मी मानतो.

क्रायस्लरने 1951 मध्ये इम्पिरियल गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आणलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, इंजिनच्या ताकदीवर पंप फिरवायचा आणि तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत घ्यायची, त्यामुळे लोकांना वाटतं पंप म्हणजे पंप, त्यात इंजिन एकाच घराण्यातलं असेल तर प्रश्नच नाही. प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा ब्रॅकेटपासूनच, म्हणजे पंप इंजिनला धरणाऱ्या पट्टीपासूनच सुरू होतो.

शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक बघा, 1955 पासूनचं इंजिन, ब्लॉक तोच चालत आला, पण 1969 ला बहुतेक गाड्यांत लांब वॉटर पंप आला आणि सिलिंडर हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाच्या) टोकाला ब्रॅकेटसाठी बोल्टची भोकं आली, त्याआधीच्या हेडला ती नाहीतच. म्हणजे नंतरचा पंप त्याच्या ब्रॅकेटसकट आणला तरी जुन्या हेडवर धरायला जागा नाही, आणि वॉटर पंपाची लांबी बदलली की सगळ्या पुल्या पुढेमागे होतात. होंडाच्या के20 आणि के24 मध्ये ब्लॉकची उंचीच वेगळी, 212 मिमी आणि 231.5 मिमी, अशा ठिकाणी हेडच्या आधाराने बसणारी कुठलीही गोष्ट क्रँकपासून (इंजिनच्या मुख्य शाफ्टपासून) लांब जाते आणि बेल्टचं माप बदलतं. फियाटचं 1.3 मल्टीजेट तर अजून वेगळं, 2003 च्या पुंटोत स्टिअरिंग इलेक्ट्रिक, डोब्लोत तेच इंजिन हायड्रॉलिक पंपासकट, म्हणजे पुंटोच्या इंजिनवर पंपच नाही, त्याची पुली नाही, बेल्टचा मार्गही वेगळा. म्हणून आम्ही पहिली मशीन घेतली ती लेथ, कारण पुलीचा ऑफसेट (ती किती पुढेमागे आहे ते) जुळवण्यासाठी स्पेसर आणि ब्रॅकेट स्वतः करता आले पाहिजेत. क्रँकच्या पुलीला सरळ पट्टी लावून बघायची, पंपाची पुली थोडी जरी आतबाहेर असली की बेल्ट ओरडतो, कडेने झिजतो आणि एक दिवस उडतो.

पुलीवरून आठवलं, प्रेस-फिट पुली हातोडीने ठोकून बसवू नका, कितीही घाई असली तरी! शाफ्ट आत सरकतो, आतल्या प्लेटला मार बसतो आणि चांगला पंप बसवण्याआधीच मरतो. तिचा पुलर आणि इन्स्टॉलर वेगळा मिळतो, तोच वापरायचा.

पण बोल्ट जुळले, बेल्ट सरळ चालला तरी काम संपत नाही, आणि आमच्याकडे जास्तीत जास्त तक्रारी इथल्याच येत होत्या. मोठ्या गाडीचा पंप छोट्या गाडीत टाकला की पार्किंगला स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं, मालक खूश, आणि हायवेवर तीच गाडी नुसत्या बोटाच्या धक्क्याने लेन सोडायला लागते, कारण रॅकला (चाकं वळवणाऱ्या यंत्रणेला) लागतं त्यापेक्षा जास्त तेल पंप ढकलतोय. उलट केलं तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) स्टिअरिंग जड. व्हेन पंप जेवढा जोरात फिरेल तेवढं तेल जास्त देतो, ते आवरायचं काम फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हचं असतं, आणि दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह बऱ्याच पंपांत त्याच्याच पोटात असतो. म्हणून जुन्या आणि नव्या पंपाची बॉडी एकाच घराण्यातली असेल तर आम्ही आधी जुन्या पंपाचा व्हॉल्व्ह नव्यात बसतो का ते बघतो, बसला तर रॅकला सवयीचाच फ्लो आणि दाब मिळतो. पुढे टेस्ट बेंच केला, त्यावर मोटरने पंप फिरवून प्रेशर गेज आणि फ्लो मीटरवर बघितल्याशिवाय पंप बाहेर जात नाही. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची खरेदी तीच.

फिरण्याची दिशाही बघावी लागते, व्हेन पंप उलटा फिरवला की दाब देत नाही. पाइपाचं टोक फ्लेअरचं आहे की ओ-रिंगचं, एम16 आहे की एम18, हे जुळत नसेल तर अडॅप्टरच्या माळा लावण्यापेक्षा हायप्रेशर होज नवी क्रिंप करून घ्यावी, तिथे खूप दाब असतो आणि फुटली तर तेल गरम मॅनिफोल्डवर जातं. तेलाचंही तसंच, कुणाला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, कुणाला सीएचएफ 11एस नावाचं हिरवं हायड्रॉलिक तेल, होंडाला तिचंच, सीलचं रबर त्या तेलासाठी निवडलेलं असतं. आणि मूळ लाइनवर प्रेशर स्विच असेल तर तो नवीन सेटअपमध्ये आलाच पाहिजे, स्टिअरिंगचा लोड आला हे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) त्याच्यामुळेच कळतं, नाहीतर पूर्ण वळवलं की आयडल पडतं, कधी इंजिन बंदही होतं.

बसवल्यावर हवा काढताना इंजिन बंद ठेवा, पुढची चाकं उचला, आणि टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत स्टिअरिंग हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सुरू करून घाईने फिरवलं की तेलाचा फेस होतो आणि पंप कण्हायला लागतो, मग लोक आम्हाला सांगतात पंप खराब दिला.

आता नवीन गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंगच जास्त, त्यामुळे हायड्रॉलिक गाड्या ठेवणाऱ्यांना अशा अदलाबदलीची गरज अजून वाढणार आहे, आणि आमच्याकडे आता प्रत्येक जुळवलेल्या जोडीची नोंद आहे, कुठला ब्रॅकेट, किती स्पेसर, कुठला बेल्ट, कुठला व्हॉल्व्ह. पंपासाठी विचारताना जुना पंप फेकू नका, त्याचा पुलीसकट फोटो, बेल्टच्या रिबा, पाइपाची टोकं आणि स्टिकरवर बारमध्ये दाब लिहिला असेल तर तो आकडा एवढं पाठवा, आणि इंजिनचा कोड गाडीच्या नावावरून नाही तर ब्लॉकवरून वाचून पाठवा.